पांढऱ्या गोळीचं नाव काय?

माझं पहिलं मूल पोटातच गेलं. ते का गेलं, हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, नळावरची भरलेली बादली उचलली असणार. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पपई. कोणी म्हणालं शिवणयंत्र, पाय मारून मारून पोट हललं. एकीने तर अगदी हळू आवाजात विचारलं, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" मधल्या काळात ग्रहण झालं तरी होतं का, देव जाणे! कारणं दहा होती, पण दहाही माझ्याच डोक्यावर. गोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

म्हणून मी काढते. लोक म्हणतात, सुमन, किती वर्षं झाली, पदरात मुलगी आहे, आता कशाला उगाळतेस? उगाळते. कारण परवा शेजारची नवी सून कागदाची पुडी घेऊन माझ्या दारात आली. "काकी, घरी सत्यनारायण आहे, त्या दिवसात माझी तारीख येते. सासूबाईंनी गोळ्या आणून दिल्यात. घेऊ ना?" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती बिचारी दोन पावलं मागेच सरली. म्हणजे अजून चालूच आहे हे! तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे. मला शास्त्रातलं काही कळत नाही. माझ्यावर काय गुदरलं तेवढं मला कळतं.

*

सत्तर साल यायच्या थोडं आधीची गोष्ट. माझं माहेर मुलुंडचं, लग्न होऊन अंधेरीला आले. चाळीत एक खोली, पुढे सामाईक गॅलरी. घरात आमचे हे, सासूबाई आणि नणंद शैला. सासरे फार पूर्वीच वारले होते. सासूबाई मालवणकडच्या. मुंबईत अर्धं आयुष्य गेलं, पण भाषा गावचीच राहिली.

शैलाचं लग्न बोरीवलीच्या मुलाशी ठरलं, वैशाखातला मुहूर्त निघाला. आता आमच्यात कन्यादानाला नवरा-बायको जोडीने बसतात. सासूबाई विधवा, त्या बसायच्या नाहीत. ह्यांचे काका गावी अंथरुणाला खिळलेले. राहिलो आम्ही दोघं. घरचा मुलगा आणि घरची सून, म्हणजे मी. पुण्याहवाचन, देवक, कन्यादान, सगळ्याला मी सोवळ्यात हवी.

मुहूर्त काढून ब्राह्मण उठला आणि सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर धरलं. "गो सुमन, तुझी तारीख कधी येता?"

मी बोट ठेवलं. लग्नाच्या आदल्याच दिवशी.

"झाला कल्याण!" त्यांनी कपाळाला हात लावला. "त्या दिसा अडचण इली तर कन्यादानाक कोण बसतला? आनी मांडवात तू बाहेर बसतलंस तर लोकांक काय सांगू?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी मला हसू आलं. एका खोलीच्या घरात बाहेर बसायचं म्हणजे गॅलरीच्या टोकाला चटई टाकून बसायचं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत, समजून जायचा. दर महिन्याला माझी दवंडीच. त्यामुळे चार दिवस पुढे ढकलले जाणार असतील तर मला काही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नाक्यावरच्या आमच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. पुडीत लहान पांढऱ्या गोळ्या. "रोज घेवक सांगल्यानी. लग्न झाला काय बंद कर. काय एक होवचा नाय."

मी गेले नाही. मला कोणी बोलावलंही नाही. डॉक्टरांनी मला बघितलं नाही, तपासलं नाही, मागची पाळी नीट आली होती का, एवढं साधं विचारलं नाही. सुनेचं औषध सासूने आणायचं, ही आमच्याकडची पद्धत. सुनेला खोकला झाला तर सासू जाऊन तिचा खोकला खोकून दाखवणार आणि बाटली आणणार. डॉक्टरांनाही त्यात काही गैर वाटत नसे. "सूनबाईला द्या" म्हणायचे. पोट माझं आणि बोलणं त्या दोघांचं.

आणि ती पुडी! लग्नाआधी मी मुलुंडला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. तिथे लग्न ठरलं की मुलीने राजीनामा द्यायचा, म्हणून काम सुटलं, नाहीतर मी सोडलं नसतं. बाटलीवर लेबल, बाटली खोक्यात, खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद, हे माझं काम. लेबल जरा तिरकं लागलं तर सुपरवायझर बाई सगळ्या टेबलासमोर धुऊन काढायच्या. बिनलेबलाची बाटली दाराबाहेर पडणं म्हणजे प्रलय. आणि इथे दवाखान्यात औषध मोठ्या बरणीतून काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून देत होते. नाव नाही, गाव नाही. मला ते तेव्हाही खटकलं. पण सासूबाईंना काय विचारणार? त्यांना तरी कुठे माहीत होतं!

*

गोळ्या लागू पडल्या. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. पाळी आली नाही. मी शालू नेसून ह्यांच्या शेजारी बसले, शैलाच्या ओंजळीवर पाणी सोडलं. होमाच्या धुराने मला मळमळलं, मांडवामागे जाऊन ओकले. सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला. "गोळ्यांची गरमी ती. आता बंदच करूची आसत."

लग्न झालं, शैला सासरी गेली, गोळ्या बंद झाल्या. आता पाळी यायला हवी होती. आली नाही. आठवडा गेला, अजून थोडे दिवस गेले. सकाळी रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला की माझा जीव कासावीस. मला शंका आली. येणारच ना, मी काय कुक्कुलं बाळ होते? एका संध्याकाळी गॅलरीत ह्यांना म्हटलं, "अहो, मला दिवस गेले असतील."

हे एकदम खूश झाले, मग एकदम घाबरले. "पण मग त्या गोळ्या?"

"तेच म्हणते मी."

या वेळी मी स्वतः गेले डॉक्टरांकडे, सासूबाईंना बरोबर घेऊन. दवाखाना भरलेला. तपासायची जागा म्हणजे एक पडदा, त्या पडद्याआडही डॉक्टरांनी मला फक्त जीभ बाहेर काढायला सांगितली. मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, मला दिवस तर गेले नसतील?"

त्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतंय. "सूनबाई, आता मी दुसऱ्या गोळ्या देतो. दिवस नसतील तर पाळी येईल. असतील तर काही होणार नाही. दोन्ही बाजूंनी आपलाच फायदा."

तेव्हा असंच करत, हे मला पुढे कळलं. फक्त आमचेच डॉक्टर नव्हे, कितीतरी डॉक्टर. दिवस आहेत की नाहीत हे बघायला गोळी द्यायची. गोळी खाऊन पाळी आली तर नव्हते, नाही आली तर आहेत. अरे, पण जिच्या पोटात मूल आहे तिला आधी औषध चारायचं आणि मग मूल आहे का ते बघायचं, हा कुठला न्याय? थोडे दिवस थांबलो असतो, हाताने तपासलं असतं तरी कळलं असतं. लघवी तपासायचीही सोय होती मुंबईत. पण थांबायला कोणाला वेळ आहे! मी त्या दिवशी विचारलं, आणि मला गोड बोलून गप्प बसवलं. याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

गोळ्यांनी काही आलं नाही, तेव्हा इंजेक्शन दिलं. "जरा अडलंय," म्हणाले.

*

दुपारची वेळ होती. मी ताटं घासत होते. पोटात कळ आली ती कमरेतून खाली गेली आणि मी मोरीतच बसले. पुढचं लिहीत नाही. ज्या बायकांवर हे आलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्यावर आलं नाही त्यांनी कशाला वाचावं?

सासूबाईंनी हाका मारून चाळ गोळा केली. टॅक्सीत घालून मला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होते, माझ्याच वयाचे असतील. हातात कागद, डोळे कागदावर.

"काय घेतलं होतंस?"

"गोळ्या. आणि एक इंजेक्शन."

"कोणत्या गोळ्या?"

"पांढऱ्या. लहान."

आता त्यांनी मान वर केली. "पाडायला घेतलंस काय? खरं सांग. खोटं बोलायचं नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, पण अंगात बोलायचं बळ नव्हतं. तेव्हा कायदा बदलला नव्हता. मूल पाडणं गुन्हा होता, आणि मी त्या टेबलावर गुन्हेगार म्हणून पडले होते. नर्स शेजारून म्हणाली, "अशाच येतात ह्या. काहीतरी गिळायचं आणि मग आमच्या गळ्यात पडायचं." मी फक्त म्हणत राहिले, "नाही हो, मला हवं होतं. मला हवं होतं ते." कोणी ऐकलं नाही. भूल दिली आणि पिशवी साफ केली.

जागी झाले ती वॉर्डात. त्याच वॉर्डात बाळंतिणी. दर थोड्या वेळाने कुठलं ना कुठलं पोर रडायचं आणि माझी छाती भरून यायची, खरीखुरी, दुखेपर्यंत. समोरच्या भिंतीवर लाल त्रिकोणाचा कुटुंब नियोजनाचा फलक होता, त्यावर हसणारे आईबाप आणि गुटगुटीत मुलं. डोळे उघडले की तोच दिसायचा. सकाळी आया चादरी ओढायला यायची, मग चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरीत कोणी माझ्याशी बोलत नसे, माझ्याबद्दल बोलत. "ही गोळ्यावाली," म्हणायचे.

शेजारच्या खाटेवर वेसाव्याची एक कोळीण होती, हिराबाई. तिचं चौथं बाळंतपण बिघडलं होतं, मूल मेलेलं जन्मलं होतं. पण बाईचा आवाज काय खणखणीत! पहिल्या दिवशी ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी तो तरुण डॉक्टर पुन्हा मला म्हणाला, "खरं सांगितलं असतंस तर आम्हालाही बरं पडलं असतं," तेव्हा ती खाटेवर उठून बसली.

"काय रं डॉक्टर, सकालपासून त्या पोरीच्या मागं लागलाय! जिला नको असतं ती अशी रडते काय? तुझी आय रडली असती काय अशी?"

डॉक्टर लाल झाला आणि पुढे गेला. हिराबाईने कमरेचा पदर सावरला, माझ्याकडे वळून म्हणाली, "रडून घे बाय. नाय रडलीस तर आत बसतंय ते." मग तिच्या घरून आलेल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून मला दिली. त्या सगळ्या दिवसांत माझ्या बाजूने बोललेलं एकच माणूस ते. मला तिचा पत्ताही विचारायचं सुचलं नाही.

*

आता सांगते ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

भेटायच्या वेळी हे आणि सासूबाई आले. सासूबाईंनी पेज आणली होती. नर्स आली, माझा कागद बघितला आणि त्यांना म्हणाली, "आजी, जरा लक्ष ठेवा सुनेवर. गोळ्या घेऊन करून घेतलंय तिने."

मी सासूबाईंकडे बघितलं. आता म्हणतील. आता म्हणतील, अहो बाई, त्या गोळ्या मी आणल्या, डॉक्टरांनी दिल्या, ह्या पोरीने काही केलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना सगळं माहीत होतं.

सासूबाई पेजेच्या भांड्याचं झाकण उघडून बंद करत राहिल्या. हे खिडकीबाहेर बघत राहिले. दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नर्स निघून गेली.

मी पेज घेतली नाही.

घरी आल्यावर चाळीतल्या बायका येऊन बादली, पपई, शिवणयंत्र बोलून गेल्या. सासूबाई त्यातही गप्प. एकदा तर त्यांनी मानसुद्धा हलवली, पपईला. मी आतल्या आत जळून कोळसा होत होते. एक दिवस ह्यांना धरलंच.

"त्या वॉर्डात तुम्ही तोंड का उघडलं नाही?"

"आईसमोर काय बोलणार सुमन? तिला केवढं वाटलं असतं."

"आणि मला? मला काय वाटलं ते?"

"झालं ते झालं ना आता."

"तुमचं झालं. माझं नाही झालं."

मी उठून मुलुंडला माहेरी गेले. आई म्हणाली, चार दिवस राहा आणि परत जा, सासर सोडून कोणी असं येतं का? घ्या! आगीतून फुफाट्यात. तरी श्रावण संपेपर्यंत राहिले. मग परत आले, कारण हे न्यायला आले आणि जिन्यात उभे राहून माझ्या आईसमोर रडले. माणूस वाईट नाही हो. भित्रा आहे. पण भित्र्या माणसाशी संसार करणं हाही एक आजारच आहे, त्याला गोळी नाही.

*

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा घरात आनंदापेक्षा भीतीच जास्त. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टराकडे जावया. टिकूच्या गोळ्यो मिळतत म्हणे. एक गेल्लां आसा ना, म्हणान."

मी म्हटलं, "जाऊ. पण मी येणार, मी बोलणार."

दवाखाना नेहमीसारखा भरलेला. आम्ही पडद्याआड गेलो. डॉक्टर हसून म्हणाले, "वा वा! या वेळी आपण काळजी घेऊ. बाळ टिकायच्या गोळ्या देतो." आणि बरणीकडे हात गेला.

"डॉक्टर, गोळीचं नाव काय?"

हात थांबला. "नाव कळून काय करणार सूनबाई? तुम्हाला थोडाच दवाखाना चालवायचाय?"

"मला गिळायचीये. नाव सांगा."

"विश्वास नाही का आमच्यावर?" आता हसू गेलं होतं. बाहेरच्या बाकावरचं कुजबुजणं बंद झालं. भिंतीला कान असतात, पडद्याला तर असणारच.

"मागे लग्नाला दिल्या होत्या त्या कोणत्या? आणि नंतर पाळी यायला दिल्या त्या? आणि ह्या?"

डॉक्टर वैतागले. माणूस वैतागला की खरं बोलतो. "अहो, तेच औषध आहे. एकच. डोस कमीजास्त. त्यात एवढं काय?"

पाळी थांबवायला तीच, पाळी आणायला तीच, दिवस आहेत का बघायला तीच, आणि आता मूल टिकवायला तीच! सगळ्या रोगांवर सुंठ, तसं चाललं होतं यांचं.

आणि मग माझ्यामागून सासूबाईंचा आवाज आला. अगदी हळू. "त्योच गोळ्यो, डॉक्टरानू? लग्नाक दिल्यात त्यो? आनी पाळी येवक दिल्यात त्योव त्योच?"

"हो मावशी. घाबरण्यासारखं काही नाही. काही होत नाही त्याने."

सासूबाई स्टुलावर बसल्या. मग त्या उठल्या, पडदा बाजूला सारला आणि बाकावर बसलेल्या सगळ्या चाळीसमोर म्हणाल्या, "त्यो गोळ्यो मीयां हाडलंय. माझ्या हातान दिलंय. हिचो काय एक दोष नाय. कोणी हिका काय बोलूचा नाय."

बाकावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या, त्या बादलीवाल्या. त्यांनी मान खाली घातली.

मला काय वाटलं? चांगलं वाटलं असं लिहायला हवं. खरं सांगू, आधी रागच आला. हेच वॉर्डात बोलल्या असतात तर! पण जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला. गोळ्या घेतल्या नाहीत.

*

त्याच आठवड्यात आम्ही दोघी विलेपार्ल्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला तपासलं, खरंखुरं, हात धुऊन. मग समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "माझं पहिलं गोळ्यांनी गेलं का?"

त्या म्हणाल्या, "छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. सुरुवातीच्या महिन्यांत पुष्कळ आपोआपही जातात. गोळ्यांनी गेलं असेल, नसेलही. पण न तपासता द्यायला नको होत्या, एवढं नक्की. आणि तुम्ही काही केलं नाहीत, हेही नक्की."

"सांगता येत नाही" हे एका डॉक्टरच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नाक्यावरच्या डॉक्टरांना हे शब्द आले असते तर!

बाईंनी मला गोळ्या दिल्या नाहीत. "गरज नाही," म्हणाल्या. पण त्यांनी मला एकदा झापलंही, ते सांगते, कारण माझ्यासारख्या रागीट बायकांना उपयोगी पडेल. पाचव्या महिन्यात मला हुडहुडी भरून ताप आला. मी कानाला खडाच लावला होता, औषध म्हणजे विष. काढा पिईन, पण गोळी नाही. हे हात जोडून थकले. शेवटी सासूबाई मला टॅक्सीत घालून पार्ल्याला घेऊन गेल्या. बाई भडकल्या. "एवढा ताप अंगावर काढायचा? ताप बाळाला चांगला असतो असं कोणी सांगितलं? सगळंच औषध वाईट नसतं. फिटची, दम्याची, तापाची लागतात ती घ्यावीच लागतात. मनाने घ्यायचं नाही, तसं मनाने टाकायचंही नाही. विचारायचं." आणि कागदावर औषधाचं नाव लिहून, ते कशासाठी, किती, कधी थांबवायचं, सगळं मला वाचून दाखवलं. मग मी घेतलं. एवढंच तर हवं होतं मला. यासाठी काय फार मोठी विद्या लागते?

म्हणून तुम्हाला सांगते. पाळी एक दिवस जरी लांबलेली असली, किंवा दिवस जायची नुसती शक्यता असली, तर औषध देणाऱ्याला आधी ते सांगा, तो विचारो न विचारो. नाव विचारा. तुमचं औषध दुसऱ्या कोणाला आणायला पाठवू नका, मग ती सासू असो, आई असो. रागावले तर रागावू देत. देवाला चार दिवस तुमच्याविना चालेल, अगदी कन्यादानसुद्धा दुसरं कोणी करेल. चालीरीती माणसांसाठी असतात की माणसं चालीरीतींसाठी, हे आधी ठरवा.

*

मुलगी झाली. चांगली रडकी, ठणठणीत. बारशाला चाळभर माणसं. शैला बोरीवलीहून आली, मुलीच्या कानात तिनेच कुर्र केलं. आणि ह्यांनी, मला न विचारता, नाक्यावरच्या डॉक्टरांनाही बोलावलं होतं. "इतक्या वर्षांचे संबंध, तोंडदेखलं तरी बोलवायला नको?" भित्रा माणूस, म्हटलं ना.

डॉक्टर आले. खुर्चीवर बसले, हातात पेढा, चहा. सासूबाई समोर चटईवर, मांडीवर मुलगी. मी पाळण्यापाशी. डॉक्टर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा मावशी! मी म्हटलं नव्हतं? काही होत नाही. उगाच सूनबाई डोक्यात राख घालून बसल्या होत्या. सगळं व्यवस्थित झालं की नाही?"

बायका हसल्या. हे पण हसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्याकडे बघून हात वर केला. मुलीचं टोपडं सारखं केलं, आणि शांतपणे, एखाद्याला भाऊ म्हणून हाक मारावी अशा आवाजात म्हणाल्या,

"ह्यां दुसरां, डॉक्टरानू. पयलां खंय आसा?"

डॉक्टरांनी कपाकडे बघितलं, मग दाराकडे. थोड्या वेळाने चहा तसाच ठेवून निघून गेले. जाताना त्यांना कोणी "पुन्हा या" म्हटलं नाही, ह्यांनीसुद्धा नाही.